तासांची वही

वहीतल्या तासांची बेरीज करायला आज रात्री बसले आणि दुसऱ्याच पानावर अडले. बेरीज जमत नाही असे नाही; दिवसभर ऑफिसात तेच तर करते. काय धरावे आणि काय सोडावे, हे ठरेना. अकरा वाजून गेले तरी ठरत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

ज्यांनी रेल्वे इंजिनाचे छोटे मॉडेल माझ्याकडे करायला दिले आहे, त्या रतलामच्या गृहस्थांकडे ह्यात बोट दाखवायला जागा नाही. काम घेतले तेव्हा रक्कम सांगताना माझी जीभ अडखळली, ते त्यांनी ओळखले आणि आपणहून म्हणाले, “ताई, संकोच करू नका. रोज किती तास बसलात ते लिहून ठेवत चला, मी तासाप्रमाणे पैसे देईन. तुमचे नुकसान व्हायला नको.” ह्यापूर्वी ज्यांनी माझ्याकडून मॉडेल करून घेतले त्यांच्यापैकी कोणीही इतके सरळ बोलले नव्हते. बहुतेकांची सुरुवात ‘तुम्हाला तर ह्याची आवडच आहे’ इथून होत असे, आणि त्यापुढे आपण आकडा उच्चारणे म्हणजे आपल्या आवडीलाच कमीपणा आणणे वाटे. म्हणून ह्यांचे बोलणे ऐकून मला फार बरे वाटले होते आणि मी त्याच दिवशी नवी वही काढली होती. आज त्यांचा निरोप आला, की दुसरा हप्ता पाठवतो, वहीच्या पानांचा फोटो तेवढा पाठवून द्या. त्यात मनाला लागण्यासारखे काय आहे असे कोणी विचारले तर मला सांगता येणार नाही, पण लागले आहे खरे.

काम आहे ते वाय.डी.एम.-४ ह्या मीटर गेजवरच्या डिझेल इंजिनाचे, मागे एक डबा आणि कालाकुंड स्टेशनच्या फलाटाचा हातभर तुकडा, सगळे १:८७ ह्या प्रमाणात, काचेच्या पेटीत. कालाकुंडहून पातालपानीकडे येताना घाटात १:४० चा चढ आहे, त्यामुळे गाडीला मागून रेटायला कालाकुंडला बँकर इंजिन जोडत असत. रतलामच्या गृहस्थांचे वडील त्या बँकरवर होते. इंदूरजवळच्या महूहून ओंकारेश्वर रोडपर्यंत जाणारी मीटर गेज गाडी २०२३ मध्ये बंद झाली आणि वडिलांचे बोलणे तेव्हापासून पुन्हा पुन्हा त्या घाटावरच येते, असे ते म्हणाले होते. ह्या कामाला मी हो म्हटले ते त्या एका वाक्यामुळे. पैशाचे बोलणे त्यानंतर झाले.

वहीतली पहिली नोंद कालाकुंडला गेले त्या दिवसाची आहे. पातालपानी ते कालाकुंड २०१८ च्या डिसेंबरात जी हेरिटेज गाडी सुरू झाली तिने गेलो, टेप लावून फलाटाची उंची घेतली, खांबांमधली अंतरे घेतली, पळसाच्या पानातला कलाकंद खाल्ला, आणि येताना चिरंजीव बोगद्यांची मोजदाद करत असताना मी खडकाचा रंग पाहत बसले, कारण तो फोटोत कधीच खरा येत नाही. हा दिवस तासांत धरायचा का? मी तो लिहिला आहे आणि पुढे प्रश्नचिन्ह घातले आहे. काम नसते तरी मी गेलेच असते. बाबांबरोबर मीनाक्षी एक्सप्रेसने हाच घाट कितीदा उतरले आहे. त्यांना आता हे सगळे दाखवायचे तर… असो.

दुसरी नोंद कठड्याची, आणि तिथेच खरी अडले. ह्या इंजिनाच्या लांब हूडच्या, म्हणजे यंत्र झाकणाऱ्या पेटीच्या, दोन्ही अंगांनी अरुंद पायवाट जाते आणि तिच्या कडेने नळीचा कठडा असतो. नळी सुमारे साडेतीन सेंटिमीटर जाडीची, म्हणजे ८७ ने भागल्यावर ०.४ मिलिमीटर. सियागंजाच्या बाजारात पितळी तार मिळते, पण इतकी बारीक आणि सरळ तार मिळेलच असे नाही. गुंडाळीवरची तार ओढून, तापवून सरळ करावी लागते. मग प्रत्येक उभ्या दांडीसाठी तितकेच बारीक भोक पाडायचे, तेही बोटांनी फिरवायच्या पिन व्हाइसने, कारण मशीनचा वेग त्या ड्रिलला सोसत नाही आणि ड्रिल तुटले की त्याचे टोक भोकातच अडकून बसते. त्यानंतर दांडी आणि आडवी तार जिथे भेटतात तिथे कथलाचा डाग द्यायचा. डागाचा गोळा एक मिलिमीटरचा राहिला तर खऱ्या इंजिनावर तो जवळजवळ नऊ सेंटिमीटरचा होईल, म्हणून तो कानशीने घासून इतका उतरवायचा की सांधा दिसू नये आणि सुटूही नये. एका बाजूचा कठडा पूर्ण झाला, फोटो पाठवला, रतलामहून ‘फारच सुंदर’ असे उत्तरही आले. मला मात्र कॅबपासून, म्हणजे चालकाच्या खोलीपासून, तिसरी दांडी किंचित झुकलेली वाटत राहिली. नुसत्या डोळ्याला ते कळत नव्हते, भिंगाखाली कळत होते. मी सगळा कठडा काढला आणि नव्याने केला.

आता ह्या दुसऱ्या कठड्याचे तास कोणाच्या नावावर मांडायचे? त्यांच्या नावावर मांडले तर ज्याला पहिलाच कठडा पसंत होता त्याच्याकडून मी माझ्या समाधानाचे पैसे घेते आहे. गाळले तर माझ्या कामातला सर्वांत चांगला भागच हिशेबाबाहेर राहतो. बाकी कशाचाही मला एवढा त्रास होत नाही. ह्या एका गोष्टीभोवती मात्र मन संध्याकाळपासून फिरते आहे.

रंगाचेही तसेच. त्यांनी पाठवलेला फोटो कृष्णधवल आहे. वडिलांना विचारले तर ते म्हणत, “गडद, पण काळा नव्हे.” शेवटी मी जाड कागदाच्या पट्ट्यांवर वेगवेगळ्या छटा लावल्या, मागे आकडे घातले आणि पाकीट रतलामला पाठवले. त्यांनी त्या अंगणात उन्हात मांडल्या आणि त्यातली एक उचलून वडील म्हणाले म्हणे, की हीच, फक्त हिच्यावर धुराचा थर द्या. त्या छटेवर अंकांचे डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील तुकडे, बसवायचे आहेत आणि अंक पांढरे आहेत. साध्या प्रिंटरमधून पांढरा रंग छापता येत नाही. पांढऱ्या डिकल कागदावर अंकांभोवती इंजिनाचा रंग छापावा लागतो आणि तो छापील रंग आणि एअरब्रशने मारलेला रंग एकसारखा दिसेपर्यंत छपाई पुन्हा पुन्हा करावी लागते. ह्यातले टेबलाशी बसण्याचे तास मी लिहिले आहेत. ऑफिसात जाताना बसमध्ये डोक्यात तीच छटा घोळत होती, ते कुठे लिहायचे?

आणि एवढे सगळे धरून, प्रश्नचिन्हांसकट धरून, मनातल्या रकमेला त्या तासांनी भागले तर जे उरते ते इथे लिहिण्याचे धैर्य नाही. परवा मोरीचा नळ बदलून गेला त्या माणसाने त्याहून जास्त घेतले, आणि त्याने घेतले ते योग्यच घेतले. वहिनी जे म्हणतात ते मग खरे वाटू लागते. डोळ्यांचा नंबर वाढतो आहे, मान धरते, रविवार जातो, आणि हातात येते ते इतके थोडे की ते घरखर्चात धरावे की नाही ह्याचाही संकोच होतो. इतकी वर्षे ह्या टेबलाशी बसून मी काय कमावले असे मनात आले आणि फार वाईट वाटले. ह्यांनी चहाचे विचारले, तेव्हा नको म्हटले. बोलले असते तर रडू आले असते.

ह्या वहीने आणखी एक केले आहे, ते रकमेपेक्षा मला जास्त खुपते. पूर्वी टेबलाशी बसले की वेळाचे भान नसे. आता बसताना घड्याळ पाहते, उठताना पाहते, सासूबाईंनी हाक मारली की मधली दहा मिनिटे वजा करते. प्लॅस्टिकच्या शीटवर मागून दाबून रिव्हेटांची रांग उठवताना एक लय लागते, आणि त्या लयीत असताना ‘हे किती वाजेपर्यंत’ हा विचार येतो. असे आधी कधी झाले नव्हते.

बिल्डरांच्या साइट ऑफिसात ठेवायची इमारतींची मॉडेले जे करतात, त्यांच्याशी मागे बोलणे झाले होते, ते आत्ता लिहिता लिहिता आठवले. ते माझ्यावर थोडे रागावलेच होते. “तुम्ही हौसेची माणसे कमी पैशात काम करता, मग लोक आमच्याकडे येऊन तोच भाव मागतात. आमचे घर ह्यावर चालते, वहिनी.” मी तेव्हा गप्प राहिले होते, कारण त्यांचे बोलणे रास्त होते. मग त्यांनी विचारले की रक्कम कशी ठरवता, आणि मी तासांचे काहीतरी पुटपुटले, तेव्हा ते म्हणाले की तासांवर आम्ही कधीच सांगत नाही, काम पाहून उक्ते सांगतो. लेझर कटिंगला, ॲक्रिलिकला काय लागेल ते वेगळे, आमची मजुरी वेगळी, आणि रात्री जागलो की दिवसा झोपलो हे गिऱ्हाइकाने विचारायचे नाही.

हे त्या वेळी मी व्यवहाराचे बोलणे म्हणून ऐकले होते. आज त्याचा आधार वाटतो. कारण कुठे थांबायचे आणि कुठे थांबायचे नाही हे ह्या कामात मीच ठरवते. मीटर गेज म्हणजे १००० मिलिमीटर, ८७ ने भागले की साडेअकरा. मी वापरते आहे तो रूळ १२ मिलिमीटरचा, स्वित्झर्लंडच्या मीटर गेज गाड्यांची मॉडेले करणाऱ्यांसाठी तयार मिळतो तो. आपल्या ब्रॉड गेजची मॉडेले करणाऱ्यांच्या तुलनेत मी सुखी आहे. त्यांना सव्वाएकोणीस मिलिमीटर हवे असतात आणि बाजारात सहज मिळतो तो साडेसोळाचा रूळ. तर तो जास्तीचा अर्धा मिलिमीटर मी मुकाट्याने चालवून घेतला आहे आणि त्याबद्दल कोणाला सूट दिलेली नाही. मग कठडा दुसऱ्यांदा केला त्याचे वेगळे पैसेही मागू नयेत. दोन्ही निर्णय माझे आहेत. कालाकुंडचा दिवस माझा, खडक पाहिला तो माझा, बसमधली छटाही माझीच. ती विकायला काढलेलीच नाही, तर तिचा भाव कमी आला म्हणून मी आता रडायचे नाही.

रक्कम मात्र नीट सांगायची, कमी सांगायची नाही. ह्या टेबलावरून जाणाऱ्या कामाची किंमत पाहून कोणी दुसऱ्याची मजुरी पाडू नये, एवढी तरी ती असली पाहिजे.

म्हणून आत्ताच निरोप लिहून पाठवला. सामानाचा खर्च, त्याच्या पावत्या. मजुरी उक्ती, एकच आकडा, जो लिहिताना हात थोडा कापला. वहीचा फोटो पाठवत नाही, तासांवर हिशेब नको, काम पाहून ही रक्कम योग्य वाटत नसेल तर मोकळेपणाने सांगा, असेही लिहिले. इतक्या रात्री उत्तर येईल असे वाटले नव्हते, पण आले: “चालेल ताई. बाबा विचारत आहेत की कॅबच्या दारात झेंडी दिसेल का?”

झेंडी होईल. हिरवी आणि लाल, दोन्ही गुंडाळलेल्या, दाराच्या आतल्या बाजूला. त्याआधी डिकल बसवायचे आहेत, आणि त्याआधी ग्लॉसचा एक हात, कारण मॅट रंगावर डिकल बसवले की खाली हवा राहते आणि कडा चंदेरी दिसतात. उद्या हवा कोरडी असली तर उद्याच, नाहीतर परवा.