पावट्याचे निमित्त

शनिवार, रात्री

महिनाअखेरीमुळे आज कारखान्यात शॉपवर डिस्पॅचची घाई होती आणि नेमका सकाळपासूनच सीएनसीवरच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावरच्या, जॉबचा बोअर (आतले भोक) दोन शतांश मिलिमीटरने लहान येऊ लागला. यंत्र जुळवून देणाऱ्या सेटरने आधी मटेरियलला दोष दिला, मग कूलंटला आणि शेवटी रात्रपाळीच्या ऑपरेटरला. इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या पात्याची, धार गेली आहे हे सर्वांना दिसत होते, परंतु वरच्या माणसाला ते सांगणार कोण? तेवढ्यात कडेला जॉब घासत बसलेले मामा हातातली कानस न थांबवता म्हणाले, "पादऱ्याला पावट्याचं निमित्त!" सगळे हसले, सेटरही हसला आणि त्याने मुकाट्याने इन्सर्ट बदलला.

पावट्याने पोटात वायू धरतो हे खरेच आहे. पण ज्याला मुळातच ती खोड आहे त्याने पावट्याला बोल लावू नये, हे या म्हणीइतके थोडक्यात आणि कोणालाही न दुखावता सांगणारे दुसरे वाक्य मला ठाऊक नाही. शरीर सर्वांचे सारखेच असल्यामुळे हसणाराही त्यातून सुटत नाही. आईबहिणीवरून दिलेली शिवी किंवा एखाद्याची जात काढणारी म्हण यांना मी या पंक्तीत कधीच बसवणार नाही, कारण त्यांत चूक बाजूला राहते आणि माणूस तेवढा ठेचला जातो.

नवी डिप्लोमा ट्रेनी मुलगी आली की शॉपवर एकदम सोवळे बोलणे सुरू होते. आज मात्र कॉम्प्रेसरची तक्रार कोणाकडे करायची असा प्रश्न निघाला, आणि तो जुना कॉम्प्रेसर घेणारे मालकांचे मेव्हणेच मेंटेनन्स पाहत असल्याने सगळे गप्प झाले, तेव्हा तीच म्हणाली, "अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर!" मामांनी तिला मनापासून दाद दिली. तुकोबांच्या अभंगातल्या लंगोटीमागचा रोखठोक शब्द बदलून तिथे 'कासेची' म्हणणाऱ्या आपल्या लोकांनी असली भाषा बायकांच्या तोंडी शोभत नाही असे ठरवून टाकले असले, तरी माझ्या आजीकडे अशा म्हणींचा मोठा साठा होता आणि तो तिने जात्यावर बसून मिळवला होता.

सोमवारी तक्रार लेखी द्यायची आहे. तिच्यात हवेचा दाब, गळती आणि बंद पडल्याच्या वेळा एवढेच लिहावे लागेल. परंतु दुखणे नेमके कोणाला दाखवायचे, ही खरी अडचण त्या मुलीने आजच नोंदवली आहे.