पोटात एक, पदराखाली एक

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. प्रश्न ठरलेला आहे: “पहिलं अजून अंगावर पितंय आणि मला पुन्हा दिवस गेलेत. पाजू की तोडू?” अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी विचारता, गणपतीला मुंबईहून आलेल्या सुना हळूच बाजूला घेऊन विचारतात. बऱ्याचदा घरात निकाल आधीच लागलेला असतो आणि आरोग्यसेविका म्हणून मी फक्त मान हलवावी एवढीच अपेक्षा असते. ती मी हलवत नाही. त्यावरून काही घरांत माझ्यावर राग आहे, तो असू दे.

गरोदरपण साधं चाललं असेल तर पाजायला हरकत नाही. बाळ चोखतं तेव्हा आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं. दूध उतरवणारं तेच आणि बाळंतपणात कळा आणणारंही तेच. म्हणून भीती वाटते, आणि त्या भीतीत अडाणीपणा काही नाही. पण गर्भाशयाच्या स्नायूवर ऑक्सिटोसिन पकडणाऱ्या ज्या जागा असतात, त्या दिवस भरत येईपर्यंत फार थोड्या असतात. शिवाय तोवर प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातलं संप्रेरक त्या स्नायूला शांत ठेवतं. त्यामुळे सुटलेल्या ऑक्सिटोसिनने दूध उतरतं, पण गर्भाशय सहसा जागचं हलत नाही.

साधं कुठलं नाही, ते मात्र नीट वाचा. रक्त जात असेल, आधीचं बाळंतपण दिवस भरण्याआधी झालं असेल, जुळं असेल, वार खाली असेल, पिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल किंवा ते तोंड आखूड असल्याचं सोनोग्राफीत आलं असेल, तर तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजत राहू नका. डॉक्टरांनी नवराबायकोच्या संबंधांना मनाई केली असेल तर पाजण्याबद्दलही त्याच वेळी विचारा. बहुतेक वेळा कारण एकच असतं: पिशवी आवळण्याची भीती. पाजताना पोट थोडं कडक होऊन सैल पडलं तर घाबरू नका. बाळाला बाजूला करा, पाणी प्या, डाव्या कुशीवर पडा. तरीही तासाभरात चार किंवा जास्त वेळा पोट आवळलं, किंवा पाणी नाहीतर रक्त गेलं, तर रात्र असो की पाऊस, दवाखाना गाठायचा. आणि कोणी नुसतंच “बंद करा” म्हणालं तर का, ते विचारा. कारण सांगितलं तर ऐका. डॉक्टरांविरुद्ध मी कोणाला उभं करत नाही, पण कारण विचारण्याचा हक्क आईला आहे.

आता नासक्या दुधाचं. “पोटुशीचं दूध पिऊन पोर वाळतं” हे घराघरात ऐकू येतं. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत याला पारिगर्भिक म्हटलंय: गरोदर आईच्या अंगावर पिणारं मूल खोकतं, त्याची भूक मरते, ते रोडावतं, पोट पुढे येतं. हे वर्णन ज्यांनी केलं त्यांनी खरी मुलं पाहिली होती. 1933 साली आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये (आताचा घाना) डॉ. सिसिली विल्यम्स यांनीही अशाच मुलांचं वर्णन लिहून ठेवलं. दुसरं भावंड आल्यावर दूध सुटलेली, नुसत्या मक्याच्या पेजेवर वाढणारी, अंगाला सूज आलेली मुलं. दोन्हीकडे मूल खरोखर आजारी पडतं. पण ते दुधातल्या विषाने नाही, दूध आटल्याने आणि त्याच्या जागी ताटात काही न आल्याने.

कारण दूध आटतंच. साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात वारेच्या संप्रेरकांमुळे ते कमी होतं आणि हळूहळू त्याचा चीक बनायला लागतो. चव खारट होते. काही मुलं तेव्हा आपणहून सोडतात, काही कोरडंच चोखत राहतात. शतावरी, अळीव, जास्त वेळा अंगाला लावणं, यातलं काहीही ते दूध परत आणत नाही, त्यावर पैसे घालवू नका. मोठ्याला या चिकाने पातळ शी होऊ शकते, तो आजार नव्हे.

एक प्रसंग सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यात आहे. खाडीकाठच्या एका वाडीतली सून, चौथा महिना, पहिलं मूल दहा महिन्यांचं. नवरा मुंबईत. आषाढाचा पाऊस. सासू म्हणाली, “आता तेका पाजू नको, पोटातल्याक बाधात.” आधी कडू किराईत उगाळून लावलं. मुलाने तोंड वाकडं केलं आणि तरीही प्यायलं. मग मिरची लावली. त्याचे ओठ सुजले, आईची कातडी सोलवटली. शेवटी मुलाला खाडीपलीकडे आजोळी धाडलं. दोन दिवसांत आईची छाती दगड झाली, तिसऱ्या दिवशी एका बाजूला लाल गाठ आणि थंडी वाजून ताप. ताप पोटातल्या बाळाला बरा नाही, हे तेव्हा कोणाच्या मनात आलं नाही. जिच्यापासून त्याला वाचवायचं होतं ती गोष्ट तर बंद झाली होती.

तिकडे मुलाला आजी जीव लावत होती, पण देत होती ती पातळ पेज आणि चहात बुडवलेलं बिस्किट. हिशेब बघा. नऊ ते अकरा महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या मुलाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे 300 कॅलरी लागतात. दूध पूर्ण तुटलं की तेच अन्न जवळपास 700 कॅलरीचं असावं लागतं. एका रात्रीत दुपटीहून जास्त! कुठलं दहा महिन्यांचं पोर, तेही आई नजरेआड असताना, एवढं खाईल? त्याला जुलाब लागले. परत आणलं तेव्हा कुपोषण ओळखायला दंडाला लावतो ती पट्टी हिरव्यावरून पिवळ्यावर आली होती, म्हणजे घेर साडेबारा सेंटिमीटरच्या खाली.

त्या सासूला मी दोष देत नाही. तिचा स्वतःचा एक गर्भ गेला होता, तेव्हा ती थोरल्याला पाजत होती, आणि त्या दोन गोष्टी तिने आयुष्यभर एकमेकींना बांधून ठेवल्या होत्या. तिला ऑक्सिटोसिन समजावून काही उपयोग नव्हता. मी तिच्यासमोर पट्टी मुलाच्या दंडाला लावली आणि रंग तिलाच वाचायला सांगितला. आईला डॉक्टरांनी गरोदरपणात चालणारं प्रतिजैविक आणि तापाला पॅरासिटामॉल दिलं (आयब्युप्रोफेन या दिवसांत नको). ज्या बाजूला गाठ होती तिथूनही दूध काढत राहायला सांगितलं. पाजण्याआधी जरा शेक, नंतर गार कपडा. मूल पुन्हा अंगाला लागलं, पण दूध ओसरलेलं होतं, ते पूर्वीसारखं आलं नाही. त्याला दाट खायला घालूनच वर काढावं लागलं आणि पट्टी हिरवी व्हायला भाद्रपद उजाडला. दुसरं बाळ दिवस भरून झालं. याचा दाखला मी कोणाला देत नाही, एका बाईवरून काही सिद्ध होत नाही. मुलाचे गेलेले ते आठवडे मात्र मला विसरता येत नाहीत.

तोडायचंच असेल तर असं तोडा. दिवसातलं ज्याची मुलाला सगळ्यात कमी आठवण येते ते एक पाजणं आधी गाळा आणि त्याच वेळी वाटीत काहीतरी द्या. चार-पाच दिवस जाऊ द्या, मग दुसरं. झोपतानाचं सगळ्यात शेवटी. छाती ताठली तर हाताने बरं वाटण्यापुरतंच दूध काढा, पूर्ण रिकामी करू नका. अन्न चमच्यावरून ओघळणार नाही इतकं दाट हवं: मऊ भात, कुळथाची पिठी, नाचणीचं सत्त्व, अंडं, काटे नीट काढलेला मासा, वर चमचाभर तूप किंवा ओल्या नारळाचा रस. वरचं दूध वर्षाच्या आत द्यायचं असेल तर कुठलं आणि किती, ते विचारून. मिरची, किराईत, मुलाला दुसऱ्या घरी धाडणं, यातलं काही नको.

पाजत राहायचं असेल तर आईचं ताट बघा. उपकेंद्रात नवी होते तेव्हा माझं उत्तर दोन शब्दांचं असे: “पाजा, चालतं.” ते खरंच होतं. पण तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, चालतं, पण कोणाच्या ताटातून? आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) हिशेबाने गरोदरपणासाठी रोज 350 कॅलरी जास्त लागतात आणि सहा ते बारा महिन्यांच्या मुलाला पाजण्यासाठी आणखी 520. दूध आटत जातं तसा दुसरा आकडा उतरतो, पण सुरुवातीला मिळून 870 धरा. म्हणजे नेहमीच्या जेवणावर अंदाजे दोन भाकऱ्या, वाटीभर कुळथाची पिठी, दोन अंडी, मूठभर शेंगदाणे आणि कपभर दूध. ज्या घरात सून सगळ्यांच्या शेवटी तव्यावरची उरलेली अर्धी भाकरी खाते, तिथे “पाजा, चालतं” म्हणणं पुरत नाही. बांगडा, तारली खुशाल खा. मुशी आणि मोठे मासे टाळा. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असते तेव्हा अंडी आणि डाळीचा वाटा वाढवा. लोहाची लाल गोळी चौथ्या महिन्यापासून रोज, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर, चहाबरोबर नाही. कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा, पण लोहाच्या गोळीपासून निदान दोन तास लांब.

स्तनाग्रं दुखतात, तीही खरी अडचण आहे, नाटक नाही. मुलाला समजत असेल तर दहा आकडे म्हणेपर्यंतच प्यायचं असं ठरवा. पोट मोठं झालं की कुशीवर पडून पाजा.

बाळंत झाल्यावर दोघांना पाजता येतं. पहिल्या दिवसांत आधी नवं बाळ, मग मोठं. चिकावर पहिला हक्क नव्याचा. डावी याची, उजवी त्याची असं वाटून देऊ नका. पाचव्या दिवसानंतर नव्याची दिवसाला निदान सहा वेळा शू होते का आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून येतं का, एवढं पाहा.

एका ठिकाणी मी अजून अडते. आईचं हिमोग्लोबिन आठ, म्हणजे अंगात रक्त बरंच कमी, मूल सात-आठ महिन्यांचं, घरात दूधदुभतं नाही. पाजलं तर आई खचते, तोडलं तर पोर. आजही “तोडा” हे माझं तिथलं पहिलं उत्तर नाही. मी आईचं ताट आणि औषध वाढवण्याच्या मागे लागते, मुलाचं वजन दर पंधरा दिवसांनी घेते. माझ्या बरोबरीच्या एक ताई नेमकं उलट सांगतात, आणि त्यांचं कारणही मला खोडता येत नाही.

म्हणून पुढच्या वेळी विचाराल तेव्हा नुसतं “पाजू की तोडू” विचारू नका. कितवा महिना, शेवटचं हिमोग्लोबिन किती, मूल किती महिन्यांचं आणि त्याचं वजन किती, आधीचं बाळंतपण कसं झालं, आणि काल दिवसभरात तुम्ही स्वतः काय जेवलात, एवढं घेऊन या. सासूबाईंनाही बरोबर आणा.