थुंकीत जंतू नाही, तरी टीबीच! – माझा अनुभव

नंतर राहून जाईल म्हणून आधीच सांगतो. छातीचा सीटी काढलात तर सेंटरवाल्याकडून सीडी मागून घ्या. फिल्म आणि छापील रिपोर्टवर समाधान मानू नका. का, ते पुढे कळेल.

मला टीबी ठरवलं गेलं, पण खऱ्या आजाराचं नाव पल्मनरी अल्व्हिओलर प्रोटिनोसिस, डॉक्टरांच्या भाषेत पीएपी. अमेरिका-जपानच्या आकड्यांप्रमाणे दहा लाखांत साधारण 6-7 जणांना असतो. फुप्फुसातल्या वायुकोशांना आतून सर्फॅक्टंटचा पातळ थर असतो. जुना थर साफ करणाऱ्या पेशींना जीएम-सीएसएफ नावाचं प्रथिन लागतं. माझ्या शरीराने त्या प्रथिनाविरुद्धच अँटिबॉडी तयार केल्या. सफाई बंद पडली आणि माल आत साचत गेला. हे आज घडाघडा सांगतोय. तेव्हा एवढंच कळत होतं की जिना चढताना धाप लागते आणि कोरडा खोकला हटत नाही.

फॅमिली डॉक्टरांनी लगेच एक्स-रे काढायला लावला. रिपोर्टमध्ये शेवटी एक ओळ होती: दोन्ही बाजूंना डाग, कॉक्स असू शकतो. कॉक्स म्हणजे टीबी. त्या एका ओळीने माझे कितीतरी महिने खाल्ले.

थुंकी तपासली, जंतू नाही. सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी तपासणी केली, तीही निगेटिव्ह. ताप नाही, रात्रीचा घाम नाही. मी विचारलं, "मग टीबी कशावरून?" उत्तर आलं, "कधी कधी सापडत नाही हो. गोळ्या सुरू करू, फरक पडेलच." आपल्याकडे टीबी इतका आहे की असा अंदाज बांधणं समजू शकतो. पण फरक पडला नाही तर? त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. लघवी नारंगी, तोंड कडू, जेवण जात नाही, आणि धाप आहे तिथेच. दोन महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढला, तो जसाच्या तसा. यावर निघालेला निष्कर्ष काय, तर "कोर्स पूर्ण करा, मध्ये सोडलात तर औषधाला दाद न देणारा टीबी होईल." झालं, बोलणंच खुंटलं! निक्षयवर, म्हणजे टीबी पेशंटच्या सरकारी नोंदणीत, नाव चढलं होतं. आशाताई बिचाऱ्या आठवणीने गोळ्यांची चौकशी करायच्या. घरात माझं ताट-वाटी वेगळं झालं.

सीटीसुद्धा झाला होता. त्याच्या रिपोर्टात पुन्हा तेच, कारण चिठ्ठीवर आधीच "कॉक्स, उपचार सुरू" असं लिहिलेलं. पुढचा प्रत्येक डॉक्टर फाइल उघडायचा, तेवढी ओळ वाचायचा आणि फाइल मिटायचा. चित्र कुणी बघेना. सीडी मागायला गेलो तर काउंटरवर, "फिल्म दिलीय ना?" मग म्हणे मशीनवर आता डेटा नसेल, मग म्हणे साहेब आल्यावर या. शेवटी तिथेच खुर्चीत ठाण मांडून बसलो, तेव्हा दहा मिनिटांत सीडी हातात पडली!

ती घेऊन पुण्याला छातीच्या तज्ज्ञ मॅडमकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट बाजूला सारला आणि सीडी लावली. पांढुरक्या धुक्यावर बारीक रेघांचं जाळं, ओबडधोबड फरश्या बसवलेल्या अंगणासारखं. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. मग मला कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं. बसल्यावर 94 दाखवणारा ऑक्सिजन चालताना 87 वर आला. (बसून मोजून "नॉर्मल आहे" म्हणणाऱ्यांनो, पेशंटला जरा चालवा.) त्या म्हणाल्या, "फोटो एवढा वाईट आणि माणूस मानाने बरा, तिथे मला हाच संशय येतो." हे वाक्य मी पाठ केलंय.

पुढचं सगळं भराभर झालं. दुर्बिणीने फुप्फुसात सलाइन सोडून परत ओढलं, तर बाटलीत दुधासारखं पाणी. प्रयोगशाळेत त्यावर, असा साचलेला माल ओळखायला वापरतात तो पीएएस रंग चढला. टीबी, बुरशी, नोकार्डिया (एक जंतू) यांच्याही तपासण्या त्याच पाण्यावर झाल्या, कारण या आजारात असे संसर्ग जोडीला येऊ शकतात. तपासणीसाठी फुप्फुसाचा तुकडा काढावा लागला नाही. जीएम-सीएसएफ अँटिबॉडीचं रक्त बाहेर पाठवावं लागलं, ते पॉझिटिव्ह आलं.

मध्ये एकाने स्टिरॉइड सुचवली होती, ती मी घेतली नाहीत. हे नशीबच, कारण या प्रकारात त्यांचा उपयोग नाही, उलट संसर्गाचा धोका वाढतो. सिगारेट ओढणाऱ्यांत हा आजार जास्त दिसतो. मी ओढायचो, आता बंद.

उपचार म्हणजे भूल देऊन एकेक फुप्फुस कोमट सलाइनने धुणं. एका बाजूला दहा-पंधरा लिटर सहज लागतं. एक धुताना दुसऱ्यावर श्वास चालू ठेवतात. दुसरी बाजू झाल्यावर मी एका दमात तिसरा मजला चढलो आणि वर जाऊन घरच्यांना हाका मारल्या!

टीबी विभागाचे फोन मात्र चालूच होते, "गोळ्या का सोडल्या?" म्हणून. तज्ज्ञांकडून "निदान बदलले, टीबी नाही" असं लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी घ्या आणि नोंदणी केलेल्या केंद्रावर देऊन पोच घ्या. पोच नसेल तर फोन थांबत नाहीत.