दोन पूर्णांक शून्य चार

जानेवारी २०१४ मध्ये गोव्यात लुसोफोनिया स्पर्धा झाल्या. पोर्तुगीज भाषेशी नातं असलेल्या देशांची ही बहुक्रीडा स्पर्धा. पहिली मकावला २००६ मध्ये, दुसरी लिस्बनला २००९ मध्ये आणि तिसरी आमच्याकडे. ॲथलेटिक्स बांबोळीच्या नव्या मैदानावर होतं. मी डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत खेळ शिकवते आणि तांत्रिक पंच म्हणून मैदानावर उभी राहते. त्या दिवशी माझ्याकडे काम होतं लांब उडीच्या वाऱ्याचं.

हे काम प्रेक्षकांना दिसतही नाही. उडी मारण्याच्या रेषेपासून वीस मीटर मागे, धावपट्टीपासून दोन मीटरच्या आत, जमिनीपासून १.२२ मीटर उंचीवर वायुमापक असतो. पूर्वी नळीत फिरणारं पातं असायचं. आता ध्वनिलहरींवर चालणारं यंत्र असतं. आवाजाला वाऱ्याच्या दिशेने जायला कमी वेळ लागतो आणि विरुद्ध दिशेने जास्त, त्या फरकातून वेग निघतो. खेळाडू रेषेपासून चाळीस मीटरवरची खूण ओलांडते त्या क्षणापासून पाच सेकंद वारा मोजायचा. तिची धाव चाळीस मीटरपेक्षा कमी असेल, तर ती पाऊल उचलते तिथपासून. मुली बहुधा चाळीसच्या आतूनच निघतात, म्हणून नजर त्यांच्या पायांवर खिळवून ठेवावी लागते. मागून येणारा वारा सेकंदाला दोन मीटरपर्यंत असेल तर उडी विक्रमासाठी चालते. त्याहून जास्त असेल तर क्रमांकासाठी, पदकासाठी ती धरतात; विक्रमात आणि पुढच्या स्पर्धेच्या पात्रतेच्या निकषात मात्र धरत नाहीत.

आमच्या किनाऱ्यावर जानेवारीत सकाळी मतलई वारे असतात, जमिनीवरून समुद्राकडे जाणारे, मंद. ऊन चढलं की ते पडतात. थोडा वेळ पान हलत नाही, आणि मग खारे वारे सुरू होतात. बांबोळीचं मैदान पठारावर, आडोसा कमी, त्यामुळे दुपारी ते तिथे चांगलेच जाणवतात. त्या दिवशी दुपारनंतर वारा धावपट्टीच्या मागून येऊ लागला होता, तोही झुळकांनी. एका मुलीला ०.८ मिळायचा, तिच्या मागच्या मुलीला २.५.

यंत्रासमोर कोणी उभं राहू नये यासाठी मी सगळ्यांवर ओरडत होते. स्वयंसेवक मुलं पाण्याच्या बाटल्या घेऊन तिथूनच जायची, एक छायाचित्रकार तर यंत्राला पाठ लावून बसला होता. तो चिडला. मी त्याला इव्हान पेद्रोसोची गोष्ट सांगितली. १९९५ मध्ये इटलीत सेस्त्रिएर इथे क्यूबाच्या पेद्रोसोने ८.९६ मीटर उडी मारली, माइक पॉवेलच्या ८.९५ या विश्वविक्रमाहून एक सेंटिमीटर जास्त. पण वायुमापकासमोर एक माणूस उभा होता, असं निष्पन्न झालं आणि तो विक्रम मान्य झाला नाही. छायाचित्रकार उठला आणि मग पूर्ण वेळ रेषेबाहेर राहिला.

मुख्य गोष्ट तिसऱ्या फेरीतली. एका छोट्या देशाची मुलगी होती, वय फार तर एकोणीस-वीस. पहिली उडी साधारण, दुसरी फाऊल. तिसऱ्या उडीला तिने पाऊल उचललं तेव्हाच काहीतरी वेगळं होणार हे जाणवलं. शेवटची चार पावलं इतकी जलद पडली, की उडीच्या फळीजवळचे आमचे साखळी गावचे सर खाली वाकलेले तसेच राहिले. पांढरा झेंडा वर गेला, म्हणजे उडी वैध. तिने वाळूतून उठून मागे वळून पाहिलं आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले. तिची आजवरची सर्वांत मोठी उडी होती ती. प्रशिक्षक कठड्यावरून अर्धे आत झुकले होते.

माझ्या पडद्यावर आकडा होता २.०४.

मी २.१ लिहिलं आणि फलकावर २.१ लागलं.

प्रशिक्षक तावातावाने आले. त्यांच्याबरोबर आमचे दुभाषी काका. पणजीच्या लिसेंवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या शाळेत, शिकलेले, १९६१ पूर्वीचं पोर्तुगीज अजून जसंच्या तसं बोलणारे निवृत्त गृहस्थ. दमून भागून त्या दिवशी सगळ्या मैदानावर तेच धावत होते. "बाई, हा म्हणतो पडद्यावर दोन पूर्णांक शून्य चार आहे. जवळचा दशांश दोन पूर्णांक शून्य. मग दोन पूर्णांक एक कसं? तिच्या संघटनेने पुढच्या स्पर्धेसाठी निकष ठेवलाय, तो हिने आता पार केला. पण वारा दोनच्या वर गेला तर ते धरणार नाहीत."

प्रशिक्षकांचं म्हणणं कोणालाही पटेल असंच होतं. शाळेत आपण असाच अपूर्णांक काढायला शिकवतो. पण वाऱ्याचा नियम वेगळा आहे: दुसऱ्या दशांशस्थानी शून्य नसेल, तर पुढचाच दशांश घ्यायचा. नियमपुस्तकात उदाहरणही जवळपास हेच आहे, अधिक २.०३ असेल तर २.१ लिहावा. मी पुस्तक उघडून तो परिच्छेद काकांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर करून तो दोनदा वाचला, मग शब्दन् शब्द पोर्तुगीजमध्ये सांगितला.

प्रशिक्षक गप्प झाले, पण मुलगी पुढे आली. तिने काकांना काही विचारलं. "ती विचारते, असं का? तिच्या विरुद्धच का?"

पुढची खेळाडू धावपट्टीवर यायला थोडा अवकाश होता. मुख्य पंचांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. मी तिला सांगितलं, की हा कडकपणा फक्त वाऱ्याचा नाही. तुझी उडी मोजतानाही सेंटिमीटरच्या खालचं सोडून देतात, कधीच वर चढवत नाहीत. धावपटूची वेळ वरच्या शतांशाला नेतात. ॲथलेटिक्समधला प्रत्येक अपूर्णांक खेळाडूच्या विरुद्ध जातो. म्हणून एकदा एखादा आकडा मान्य झाला, की तो खरोखर तेवढा तरी होताच याबद्दल जगात कुठेही कोणी शंका घेऊ शकत नाही. १९६८ मध्ये मेक्सिको सिटीत बॉब बीमनने ८.९० मीटर उडी मारली तेव्हा वारा बरोबर २.० नोंदला गेला होता, मर्यादेच्या आत, म्हणून तो विक्रम मान्य झाला. १९९१ मध्ये टोकियोत एकाच संध्याकाळी कार्ल लुईसने ८.९१ मारली, पण वारा २.९ होता; पॉवेलने ८.९५ मारली तेव्हा वारा ०.३ होता. लुईससारख्या माणसालाही ती उडी विक्रमात मिळाली नाही.

काकांनी हे सगळं किती सांगितलं, मला कळलं नाही, पण बीमनचं नाव ऐकून ती हसली. मग तिने पडद्याकडे बोट केलं आणि दोन बोटं जुळवून दाखवली, एवढंसं. मी म्हटलं, होय, एवढंसंच. मला त्या क्षणी तिच्याइतकंच वाईट वाटत होतं आणि ते लपवायची मला गरज वाटली नाही. पंचाने खेळाडूची बाजू घेऊ नये हे मी मानते. पण निर्णय का झाला हे तिला समजेपर्यंत सांगणं हेसुद्धा पंचाचंच काम आहे, आणि त्यात आपल्याकडे फार कंजूषपणा होतो. "नियम आहे" एवढं बोलून पाठ फिरवणारे मी खूप पाहिलेत.

चौथ्या फेरीत ती वाऱ्याची वाट पाहत थांबली. धावपट्टीच्या कडेला कापडी वातशंकू असतो, त्यावर नजर. एक मिनिट असतं. पंधरा सेकंद उरल्यावर पिवळा झेंडा वर गेला, तरी ती उभी. मग निघाली. वारा १.६, म्हणजे अगदी हवा तसा, पण बूट रेषेच्या पुढे पडला. लाल झेंडा. पाचव्या उडीला मागून मोठी झुळूक आली, २.७. सहाव्या उडीला वारा ०.९. उडी स्वच्छ, पांढरा झेंडा, पण निकषाला चार सेंटिमीटर कमी. क्रमांकासाठी तिची तिसरीच उडी धरली गेली.

सह्या होईपर्यंत प्रशिक्षक थांबले होते. त्यांनी काकांमार्फत विचारलं, की निकालपत्रावर २.०४ असं लिहून द्याल का, संघटनेला दाखवायला. मी नाही म्हटलं. निकालपत्रावर २.१ आहे आणि तेच राहणार. त्यांनी वाद घातला नाही. सहाही उड्यांचे वारे असलेली प्रत कार्यालयातून रीतसर मिळते, हे मी सांगितलं आणि काका त्यांना तिकडे घेऊन गेले.

मुलगी मागे राहिली. हातवारे आणि चार मोडके इंग्रजी शब्द यांवर आमचं चाललं होतं. तिने आकाशाकडे, मग समुद्राच्या दिशेने हात केला आणि घड्याळावर बोट ठेवलं. मला समजलं. सकाळी वारा इकडून, दुपारनंतर तिकडून, असं मी हाताने दाखवलं. ती जोरजोरात मान हलवू लागली. तिच्याकडेही समुद्र आहे, तिच्याकडेही असंच.

त्यानंतर तालुक्याच्या शालेय स्पर्धांचं वेळापत्रक ठरवायला बसलो, की मी लांब उडी आणि तिहेरी उडी पहिल्या सत्रात मागून घेते. धावण्याच्या शर्यती सकाळी आणि उड्या दुपारी असा आपल्याकडे जुना पायंडा आहे; किनाऱ्यावरच्या राज्याला तो सोयीचा नाही. दोन्ही टोकांना वाळूचे खड्डे असतील तर वारा पाहून दिशा बदलायलाही काही अडत नाही. आणि दुसरी मागणी मी दर बैठकीत मांडते: निदान राज्य पातळीवर चौदा वर्षांखालच्या मुलींच्या उडीलासुद्धा वायुमापक हवा. बहुतेक ठिकाणी तो नसतो. मुलगी चांगली उडी मारते, शिक्षक वहीत आकडा लिहितात, आणि तो आकडा पुढे कुठेही चालत नाही, कारण वारा किती होता हे कोणी मोजलेलंच नसतं. बांबोळीच्या त्या मुलीला निदान २.०४ म्हणजे काय झालं ते माहीत होतं.