घोडबंदर रोडसाठी कॉइलओव्हर बसवताना

कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉक (धक्के शोषणारा भाग) एकत्र असलेलं, उंची बदलता येणारं सस्पेन्शन. गाडी फक्त नवी मुंबईच्या गुळगुळीत पाम बीच रोडवर पळवायची असेल तर त्याचं कडक सेटिंग खपून जातं. पावसाळ्यात ठाण्याच्या खड्ड्यांच्या घोडबंदर रोडला मात्र गाडी मूळ उंचीवरून १५-२० मिलीमीटरपेक्षा जास्त खाली बसवू नका. सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर बंपर खातो, ते वेगळंच.

शॉक निदान जोडीने बदला. सोबत टॉप माउंट (शॉक वरून बॉडीला जोडणारा भाग), त्याचं बेअरिंग, बंप स्टॉप (शॉक पूर्ण दबल्यावर आपटू न देणारा रबर) नवेच घ्या. बेअरिंग जुनं ठेवलं तर स्टिअरिंग वळवताना स्प्रिंग ‘टंग’ करते आणि सगळं पुन्हा खोलावं लागतं.

काढताना ब्रेक होज आणि एबीएसची (चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची) वायर आधी सोडवा. टॉप नट आवळायला इम्पॅक्ट गन नको. शॉकचा रॉड गरगर फिरतो, आतलं सील जातं. रॉड ॲलन कीने धरून नट पान्याने आवळा. रॉडला पक्कड लावणारा मेकॅनिक दिसला तर तिथेच थांबवा: एक ओरखडा सील कापतो, मग तेल गळतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे गाडी जॅकवर असतानाच कंट्रोल आर्मचे (चाक बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) बोल्ट फायनल टॉर्कला, म्हणजे शेवटच्या ठरलेल्या जोराने आवळणं. चाकं लटकलेली असतात, आर्मच्या सांध्यातले रबर बुश तसेच पकडले जातात. गाडी खाली आली की ते कायमचे पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. वजन चाकांवर आल्यावरच शेवटचं आवळायचं.

डॅम्पिंगचे (शॉकच्या कडकपणाच्या नॉबचे) क्लिक पूर्ण बंद स्थितीपासून, उलटे मोजा. खड्ड्यावर गाडी उडाली तर आधी कॉम्प्रेशन (शॉक दबतानाचा विरोध) सैल करा. खड्ड्यानंतर झुलत राहिली तर रिबाउंड (शॉक परत उघडतानाचा विरोध) वाढवा. शे-दोनशे किलोमीटरनंतर उंची मोजा आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन) तेव्हा पुन्हा तपासा, कारण नव्या स्प्रिंग थोड्या बसतात.