पातीला उगाच शिव्या

आमचा गाळा भांडुपला, व्हायोलिन गिटारची रिपेअरिंग आणि अधूनमधून एखादं नवीन वाद्य. जुलैचा पाऊस, गाड्या लेट, कसाबसा पोचलो तर आमचा पोरगा घामाघूम होऊन व्हायोलिनच्या पाठीवर स्क्रेपर, म्हणजे लाकूड तासायची स्टीलची पातळ पाती, घासतोय आणि खाली पडतोय नुसता भुसा. "दादा पातीच बोगस आहे, नागदेवीच्या हत्यारबाजारात जाऊन दुसरी आणू का?"

पाठ मेपलची, पट्टेवाली. असल्या लाकडात रेषा खालीवर होत असतात, रंधा मारला की मधेच ढलपी उडते. पॉलिशपेपर मारला तर भुसा रेषांत बसतो आणि वार्निशखाली ते पट्टे मेल्यासारखे दिसतात (निदान मला तरी तसे दिसतात, वाद घालणारे भरपूर आहेत). म्हणून शेवटचा हात स्क्रेपरचाच. पाठीची जाडी मधे साधारण 4.5 मिमी आणि कडेला 2.5 च्या आसपास आणायची असते, कॅलिपर लावत लावत.

मी पाती उजेडात धरली. कड काटकोनात कानसलेली, ऑइल स्टोनवर कानशीचे ओरखडेही नीट काढलेले. म्हणजे पोराने काम चोख केलेलं. मग बर्र, म्हणजे कड दाबून वळवलेला बारीक हुक, का येत नव्हता? स्क्रेपर कापतो तो त्या हुकानेच, तो हुक नसेल तर पाती नुसती घासते. बर्र वळवायला तो काय वापरत होता तर स्क्रूड्रायव्हरची दांडी! तिच्यावरून नख फिरवलं तर खट्‌ खट्‌ अडकलं, दांडीवर ओरखडेच ओरखडे. पातीचं स्टील दांडीपेक्षा कडक, मग दांडी पातीला काय दाबणार, पातीच दांडीला कापत होती.

शेजारच्या गाळ्यात सीएनसी आहे, कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन. त्यात लावायचं गोल कटर म्हणजे एंड मिल, आणि कार्बाइड स्टीलपेक्षा कितीतरी कडक. "मामा, तुटकी कार्बाइड एंड मिल आहे का, मागचा दांडा शाबूत असलेली?" मामा म्हणाले, "कार्बाइडचं भंगार किलोवर जातं रे, फुकटचं नाही, पण एक घे जा." दांडा ग्राइंड केलेला, गुळगुळीत. दातांची बाजू लाकडी मुठीत ठोकली, पातीच्या कडेला तेलाचा थेंब लावला. आधी दांडा सपाट धरून दाबला, मग जरासा कलता करून, पाच ते दहा अंश, दोनतीन हात, बास. जास्त कलता केला की हुक पार खाली वळतो आणि मग पाती इतकी आडवी धरावी लागते की बोटंच लाकडाला घासतात.

अंगठ्याने मधे वाक देऊन पाती ढकलली आणि कांद्याच्या सालीसारखी पातळ साल सुटली. पोरगा जो सुटला तो अंगठे भाजेपर्यंत थांबेना, पाती तापते ना. त्याला दर दहा मिनिटांनी कॅलिपर लाव म्हणून ओरडावं लागलं, साल सुटायला लागली की माणसाला भान राहत नाही.

पुढच्या आठवड्यात वरची फळी, ती स्प्रूसची. तिथे एवढा हुक चालणार नाही, दोन कडक रेषांमधला मऊ भाग नुसता दबतो, म्हणून त्याला दुसरी पाती वेगळी लावायला दिलीय, जेमतेम बर्र असलेली.