आमची वाटचाल : डाव्या कोपऱ्यातला खळगा

आमच्या कारखान्यात घडलेला पिकअपचा पहिला फायबर टप, म्हणजे हौद्यावर बसवायचे बंदिस्त छत, आजही हर्णै बंदरावर वापरात आहे, आणि उजेड तिरका पडला की त्याच्या मागच्या डाव्या कोपऱ्यावर अंगठा टेकेल एवढा खळगा दिसतो. ती चूक आमचीच. प्लायवूड आणि लांबीचा (पुट्टीचा) मूळ नमुना घासताना त्या कोपऱ्यावर पॉलिश पेपर जास्त फिरला, हे लक्षात आले तेव्हा साचा काढून झाला होता आणि हातातले पैसे संपत आले होते, म्हणून खळगा तसाच राहिला.

2005 साली टाटा एस बाजारात आली आणि चार-पाच वर्षांत कोकणातल्या प्रत्येक वाडीत छोटा हत्ती आणि पिकअप दिसू लागले. हौद्यावर लोखंडी कमानी आणि ताडपत्री एवढाच काय तो आडोसा असे, आणि खाऱ्या हवेत त्या कमानी दोन-तीन पावसाळ्यांत सडत. आमचे भागीदार दाभोळचे. मासेमारीच्या फायबर होड्या बांधण्यात त्यांचे अर्धे आयुष्य गेलेले. पाणी आत येऊ द्यायचे नाही हे एकच काम होडीलाही आहे आणि टपालाही आहे, तेव्हा आपण टप का करू नये, असे ते म्हणाले, आणि चिपळूणजवळ खेर्डीला भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही सुरुवात केली.

त्यांचा चकत्यांचा लोखंडी रोलर अजून आमच्याकडे आहे. काचधाग्यांच्या मॅटवर रेझिन ओतून झाले की तो रोलर एका दिशेने दाबत नेऊन ते हवेचा शेवटचा बुडबुडा बाहेर काढीत, आणि रेझिन घट्ट करणारा हार्डनर कधीही अंदाजाने न ओतता इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून घालीत. शंभर भाग रेझिनला एक ते दोन भाग हार्डनर, तोही त्या दिवशीच्या उन्हाकडे पाहून. कोबाल्टची (रेझिन लवकर घट्ट व्हावे म्हणून घालतात त्या द्रव्याची) आणि हार्डनरची बाटली एका फळीवर ठेवलेली त्यांना चालत नसे, आणि ते योग्यच होते, कारण ही दोन द्रव्ये थेट एकमेकांत मिसळली तर भडका उडतो.

पहिले गिऱ्हाईक म्हणजे हर्णैच्या मासळी व्यापारी मावशी. टप बसवून झाल्यावर त्या स्वतः हौद्यात जाऊन बसल्या, मागचे दार लावून घ्यायला सांगितले आणि वरून पाणी ओतायला लावले. अकरा बादल्या झाल्यावर आतून आवाज आला, की खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून थेंब येतो आहे. आम्ही रबर बदलले, त्यांनी पुन्हा अकरा बादल्या ओतून घेतल्या आणि मगच पैसे मोजले. तेव्हापासून आमच्याकडचा प्रत्येक टप एका माणसाला आत बसवून पाण्याखाली तपासला जातो.

मधली वर्षे बरी गेली. त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

नंतर घाटावरच्या एका कारखान्याचे टप आमच्यापेक्षा बऱ्याच कमी किमतीत चिपळुणात येऊ लागले. त्यांची झिलई अशी की आमची गिऱ्हाइकेसुद्धा वळून पाहत. एकदा रंगकामासाठी तसा एक टप आमच्या शेजारच्या गॅरेजमध्ये आला, सहज हात फिरवला आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात अंगठा अलगद बसला. आमचाच टप विकत घेऊन, त्यावर मेण लावून त्यांनी साचा उतरवला होता. मात्र पॉलिस्टर रेझिन सुकताना आकसते हे ते विसरले असावेत, कारण तो टप हौद्यावर दोन सूत (पाव इंच) आखूड बसत होता आणि ती फट रबर कोंबून बुजवली होती. आम्ही पत्र लिहिले. उत्तर आले नाही. तक्रार कुठे करायची, हे कोणालाही नीट सांगता आले नाही.

म्हणून टप घेणाऱ्याला आम्ही, त्याने विचारले नसले तरी, सांगतो की बाहेरून चकाकी पाहू नका, आत शिरून छताची खालची बाजू पाहा. पांढुरके कोरडे धागे दिसले तर रेझिन कमी पडले आहे, आणि नाणे ठोकल्यावर एखाद्या जागी आवाज बोदा आला तर तिथे थर सुटलेले आहेत. छताला बळकटी देण्यासाठी आत प्लायवूड घातले असेल, तर एका भोकातून पाणी शिरले की ते कुजते. आम्ही फोम घालतो. हौद्याच्या कडेला भोके पाडून बोल्ट मारू देऊ नका, चिमटे लावून घ्या, कारण किनाऱ्यावर गंज भोकापासूनच सुरू होतो. बिजागऱ्या 316 प्रतीच्या स्टेनलेसच्या मागा. 304 ची बिजागरी घाटावर टिकेल, हर्णैला तिच्यावर तांबडे डाग येतात. टपाचे वजन गाडीच्या भारक्षमतेतून वजा होते हेही विक्रेता सांगत नाही. आणि गाडीच्या मूळ बांधणीत बदल करण्यावर बंधने घालणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे आरटीओत आधी विचारून घ्यावे, मग पैसे द्यावेत.

22 जुलै 2021 च्या पहाटे वाशिष्ठी नदीचे पाणी शेडमध्ये शिरले आणि सकाळपर्यंत पत्र्याच्या कडेला लागले. मॅटची भेंडोळी लगदा झाली, रेझिनची पिंपे चिखलात लोळली. टपाचा साचा मुळात खोलगट, त्यामुळे तो होडीसारखा तरंगत निघून गेला आणि दोन दिवसांनी भाताच्या शेतात, बुजगावण्याला टेकलेला, मधोमध चिरफाळलेल्या अवस्थेत सापडला. पाणी दाभोळच्या खाडीकडेच निघाले होते, म्हणजे आमच्याआधी साचाच घरी जायला निघाला, असे भागीदार म्हणाले. त्या दिवसांत आम्ही हसलो ते तेवढेच. विमा कंपनीचा माणूस आला, त्याने मालाची नोंद केली आणि साचे पॉलिसीत लिहिलेले नाहीत असे सांगून गेला. मूळ नमुना तर केव्हाच मोडीत निघाला होता.

नवा नमुना करण्याची ऐपत नव्हती. तेव्हा मावशींनी फोन करून स्वतःचा टप तीन दिवसांसाठी देऊ केला, आणि बर्फ व मासळी ताडपत्रीखाली नेली. घाटावरच्यांनी जे केले तेच आम्ही आमच्या टपावर केले. फरक इतकाच, की आकसणे धरून आधी कडांना लांबीचा थर देऊन दोन सूत वाढवून घेतले. खळगा भरून टाकावा असे माझे मत होते. भागीदार नको म्हणाले, आणि तो नव्या साच्यातही उतरला.

चौथ्या दिवशी मावशी टप न्यायला आल्या. बारा वर्षे वापरलेला स्वतःचाच टप, तरीही त्या हौद्यात जाऊन बसल्या, दार लावून घ्यायला सांगितले आणि बादली मागवली.